पक्षिनिरीक्षणासाठी स्पॉटिंग स्कोप: ब्रँड कसे ताडून बघायचे आणि फोन कसा जोडायचा

ओहोटीला उरणच्या चिखलावर चिखल्यांचा थवा दीडशे मीटरवर उतरतो. ८x४२ च्या चांगल्या दुर्बिणीतून ते छोटे चिखल्या आहेत एवढं कळतं. पण चोच आखूड की लांब, पाय काळपट की हिरवट, पायातल्या फ्लॅगवर (अभ्यासकांनी अडकवलेल्या छोट्या पट्टीवर) कोणती अक्षरं आहेत, हे कळत नाही. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) लावलेला फ्लॅग वाचायचा तर ४० ते ६० पट मोठं दिसायला हवं आणि चित्र हलता कामा नये. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर ठेवून बघायची एकनळी मोठी दुर्बीण, घ्यायचा तो या कामासाठी. जंगलात, झाडीत आणि उडत्या पक्ष्यांसाठी दुर्बीणच बरी. भिगवणला नावेतून फिरणार असाल तर स्कोप गाडीतच राहू द्या, कारण हलत्या नावेत ३० पटीचा काही उपयोग नाही. कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठावर पाय रोवून उभं राहायचं असेल तर मात्र त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

“स्वारोव्स्की घेऊ की कोवा?” हा प्रश्न बहुतेकांच्या मनात पहिला येतो. तो शेवटी यायला हवा. पुढची काच केवढी, आयपीस (डोळ्याकडचं भिंग) कोणता आणि खाली ट्रायपॉड काय, या तीन गोष्टी ठरल्या की यादीत दोन-तीनच मॉडेल उरतात. मग ब्रँडची तुलना करणं सोपं जातं.

आकडे वाचायला शिका

‘२०-६०x८०’ म्हणजे २० ते ६० पट झूम आणि पुढची काच ८० मिमी. काचेच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ८० ला २० ने भागलं तर ४ मिमी, ६० ने भागलं तर १.३ मिमी. दिवसाउजेडी डोळ्याची बाहुली साधारण २ ते ३ मिमी उघडी असते. झोत २ मिमीपेक्षा बारीक झाला की चित्र मंद वाटू लागतं, १.३ वर तर डोळा नेमक्या जागी धरायलाही कसरत करावी लागते. ५० मिमीचा स्कोप ४० पटीवर नेला तर १.२५ मिमीच उरतात. म्हणून छोट्या स्कोपवर लिहिलेली वरची पट भर दुपारपुरतीच समजा.

भर दुपारी मात्र वेगळीच अडचण असते. दहानंतर चिखल आणि पाणी तापलं की वर हवेचे थर थरथरायला लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये भिगवणला साडेदहाच्या सुमाराला ४०० मीटरवरचा पट्टकादंब जणू उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो. हा दोष काचेचा नाही, आणि तीन-चार लाखांचा स्कोपही त्यावर काही करू शकत नाही. पट २५-३० वर आणा, अंतर कमी असलेली जागा शोधा, नाहीतर संध्याकाळची वाट बघा. आपल्या हवेत ६० पट वापरण्यासारखे तास फार थोडे मिळतात, तेव्हा ‘जास्तीत जास्त ७०x’ याच आकड्याकडे बघून पैसे मोजू नका. खालची पट किती रुंद आणि किती स्वच्छ दिसते, ते आधी बघा.

पुढच्या काचेची निवड साधारण अशी करावी. डोंगर चढायचा असेल, बसने प्रवास असेल, तर ५०-५६ मिमी. एकच स्कोप सगळीकडे न्यायचा असेल, तर ६५ मिमी. गाडीतून उतरून शंभर पावलं चालायचं आणि पहाटेच्या उजेडात बदकं मोजायची असतील, तर ८०-८८ मिमी. ९५ च्या पुढे वजन आणि ट्रायपॉड दोन्ही भारी होतात. नांदूर मध्यमेश्वर किंवा नाथसागरासारख्या पसरट पाण्यावर त्याचा फायदा दिसतो, पण खांद्यावर घेऊन अर्धा किलोमीटर चालल्यावर बरेच जण तो गाडीतच ठेवायला लागतात.

वाकडा की सरळ

वाकड्या स्कोपचा आयपीस वर ४५ अंशांत वळलेला असतो. उंच-बुटके सगळे त्याच उंचीवरून बघू शकतात, ट्रायपॉड खाली ठेवता येतो म्हणून चित्र कमी हलतं, आणि फोन लावल्यावर पडदा वरून सहज दिसतो. गाडीच्या खिडकीतून किंवा लपणातून बघायचं असेल तर सरळ स्कोप सोयीचा, पक्षीही त्यात पटकन सापडतो. डिजिस्कोपिंगसाठी, म्हणजे स्कोपला फोन किंवा कॅमेरा लावून फोटो काढण्यासाठी, आमचं मत वाकड्याच्या बाजूने आहे.

मागवताना चूक इथेच होते, कारण फरक नावातल्या एका अक्षराचा असतो. स्वारोव्स्कीमध्ये ‘एटी’ने सुरू होणारे वाकडे आणि ‘एसटी’ने सुरू होणारे सरळ. कोवामध्ये टीएसएन-८८३ वाकडा आणि ८८४ सरळ, म्हणजे विषम आकडा वाकड्याचा. नव्या मॉडेलांत शेवटी ए किंवा एस येतं. निकॉनमध्येही ए आणि एस.

ब्रँडमधला खरा फरक

वरच्या चौघांत, म्हणजे स्वारोव्स्की, कोवा, झाइस आणि लायका यांच्यात, चित्राच्या मध्यभागाच्या धारेत कोण पुढे याचा वाद घालण्यात अर्थ नाही. एकाच मॉडेलच्या दोन नगांतला फरक कधीकधी दोन ब्रँडमधल्या फरकाहून जास्त असतो. वेगळेपण आहे ते रचनेत.

स्वारोव्स्कीची २०१२ साली आलेली एटीएक्स-एसटीएक्स मालिका दोन तुकड्यांत येते. मागचा आयपीसचा तुकडा एकच आणि पुढे ६५, ८५, ९५ किंवा ११५ मिमीची काच बदलता येते. ६५ आणि ८५ वर २५-६० पट, ९५ आणि ११५ वर ३०-७० पट. झूम आणि फोकस या दोन्ही कड्या शेजारी-शेजारी असल्याने एका हाताने दोन्ही चालतात. ८५ चा पूर्ण स्कोप सुमारे १.९ किलोचा होतो. दोन्ही डोळ्यांनी बघण्याचा बीटीएक्स तुकडाही याच काचांना लागतो. तासन्‌तास मोजणी करणाऱ्यांना त्याने खूप आराम मिळतो, पण त्यात झूम नाही आणि फोटोसाठी तो गैरसोयीचा. हलकाच हवा असेल तर १७-४०x५६ चा एटीसी किलोच्या आत बसतो.

कोवाची खासियत म्हणजे ८८ मिमीच्या प्रॉमिनार मालिकेतला शुद्ध फ्लोराइट स्फटिक. उन्हातल्या पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी-हिरवी झालर येते, ती इथे जवळपास दिसत नाही. फोटोत ही झालर डोळ्यापेक्षा जास्त खटकते, म्हणून डिजिस्कोपिंग करणाऱ्यांत कोवाला मान आहे. फोकसला दोन चाकं आहेत, एक भराभर फिरणारं आणि एक बारीक. फोन लावलेला असताना हे बारीक चाक फार कामाला येतं, कारण बोटाचा धक्का कमी बसतो. याच घरातला टीएसएन-५०१ फक्त सुमारे ४०० ग्रॅमचा आहे, २०-४० पट. सह्याद्रीत पाठीवरच्या पिशवीत नेण्यासाठी चांगला, पण पहाटेच्या उजेडात त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

झाइस हार्पियाचा झूम आयपीसमध्ये नसून नळीच्या आत आहे. त्यामुळे पट कमी केली तरी चित्र बोगद्यातून बघितल्यासारखं आकसत नाही. ८५ च्या हार्पियात २२ पटीला हजार मीटरवर ६० मीटरहून जास्त पट्टा दिसतो, तर एटीएक्स ८५ मध्ये २५ पटीला ४१ मीटर. थव्यातला एकच वेगळा बदक शोधायचा असेल तर हा फरक मोठा आहे. डोळा कुठे धरायचा याची सवय मात्र व्हावी लागते, म्हणून दुकानात पाच मिनिटं नव्हे, अर्धा तास बघून घ्या. लायकाच्या अपो-टेलेविड ८२ ला २५-५० पटीचा रुंद आयपीस येतो. वर ६० नाही, पण ५० पटीलाही २८ मीटरचा पट्टा दिसतो. आपल्या तापत्या हवेत हा सौदा वाईट नाही.

मधल्या किमतीत पर्याय खूप आहेत आणि बहुतेकांनी इथेच थांबावं. निकॉन मोनार्क ८२ईडीला तीन आयपीस मिळतात: २०-६०, रुंद ३०-६० आणि स्थिर ३८ पट. फोटोसाठी स्थिर पटीचा आयपीस घेतला तर झालर आणि काळे कोपरे दोन्ही कमी होतात. व्होर्टेक्सचा रेझर एचडी २७-६०x८५ आणि ब्रिटनच्या ऑप्टिक्रॉनचे एमएम४ हे ६० आणि ७७ मिमीचे छोट्या नळीचे स्कोपही बघण्यासारखे.

खालच्या किमतीत सेलेस्ट्रॉन आणि एसव्हीबोनी आपल्याकडे सहज सापडतात. सेलेस्ट्रॉन अल्टिमा ८० ला साधी काच आहे. २० पटीला सुमारे ३५ मीटर पट्टा, ३५ पटीपर्यंत चित्र ठीक, पुढे धुरकट. रीगल एम२ ला ईडी काच (रंगांची झालर कमी करणारी) आणि दोन गतींचा फोकस आहे, शिवाय खगोल दुर्बिणीचे सव्वा इंची आयपीस त्यात बसतात. हा मुद्दा फार कुणाच्या लक्षात येत नाही: एखादा रुंद, स्थिर पटीचा खगोल आयपीस लावला की याच स्कोपमधून फोनचे फोटो एकदम सुधारतात. एसव्हीबोनीचा एसव्ही४०६पी ईडी काच आणि दोन गतींच्या फोकससह येतो. कमी पैशांत सुरुवात करायला तो चालेल, फक्त परत करण्याची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच घ्या, कारण या किमतीत नगा-नगात फरक असतो.

खोक्यावरच्या ‘एचडी’ या अक्षरांना ठरलेला असा काही अर्थ नाही, प्रत्येक कंपनी ती आपापल्या परीने वापरते. ‘ईडी’, ‘एक्सडी’ किंवा ‘फ्लोराइट’ असं काही लिहिलंय का ते शोधा. परदेशातून मागवणार असाल तर हमी भारतात चालेल का आणि दुरुस्तीला स्कोप कुठे पाठवावा लागेल, हे लेखी विचारून घ्या. सीमाशुल्क धरूनच किमतीची तुलना करा.

दुकानात करायची तपासणी

सोबत दहा रुपयांची नोट आणि चिकटपट्टी न्या.

१. नोट वीस मीटरवरच्या भिंतीला चिकटवा. स्कोप ट्रायपॉडवर लावून सर्वांत खालच्या पटीवर फोकस करा. मग फोकसला हात न लावता वरच्या पटीवर जा. थोडासा फेरफार चालेल. अर्धी फेरी फिरवावी लागली तर झूमची जुळणी ढिली आहे.

२. वरच्या पटीवर नोटेवरची सर्वांत बारीक अक्षरं बघा. फोकस पुढे-मागे केल्यावर ती एका जागी ‘टक्’ करून धारदार व्हायला हवीत. ‘बहुतेक इथे, की अजून जरासं पुढे’ असं वाटत राहिलं तर नग कमी प्रतीचा आहे.

३. आकाशासमोरची विजेची तार किंवा उन्हातली पांढरी भिंत बघा. मध्यभागी झालर दिसली तर फोटोत ती नक्की येणार. फक्त कडेला दिसली तर चालवून घ्या.

४. उन्हात चमकणारी स्टीलची छोटी गोळी किंवा सायकलच्या घंटीवरचा चमकता ठिपका वीस-पंचवीस मीटरवरून बघा. फोकसच्या किंचित अलीकडे आणि किंचित पलीकडे ठिपक्याभोवती वर्तुळं पसरतात. दोन्ही बाजूंना ती गोल आणि एककेंद्री हवीत. एका बाजूला आडवी आणि दुसऱ्या बाजूला उभी लंबगोल झाली तर काचेत दोष आहे. केंद्र एका बाजूला सरकलेलं दिसलं तर आतली काच किंवा प्रिझम जागेवर नाही. दुकानदाराला हे पटत नसलं तरी तो नग घेऊ नका, दुसरा मागा.

५. चष्मा असेल तर तो घालूनच बघा. आयपीसपासून डोळा १५ मिमीहून लांब धरता आला पाहिजे, १८-२० असेल तर उत्तम. फोनलाही हेच अंतर लागतं.

ट्रायपॉडवर हात आखडता घेऊ नका

एक लाख रुपये असतील तर स्कोपला सत्तर, ट्रायपॉड आणि त्याच्या हेडला (ज्यावर स्कोप बसतो त्या भागाला) पंचवीस, फोनच्या अडॅप्टरला पाच, असा हिशेब ठेवा. दोन-तीन हजारांच्या ट्रायपॉडवर ठेवलेला महागडा स्कोप वाऱ्यात बघण्याजोगा राहत नाही. बॉल हेड टाळा, कारण त्यावर स्कोप पुढे कलंडतो. व्हिडिओसाठीचं फ्लुइड हेड घ्या. बेनरोच्या एस२ आणि एस४ हेडवर अनुक्रमे अडीच आणि चार किलो वजन चालतं. ८५ मिमीच्या स्कोपवर फोन लावायचा तर एस४ घ्या.

ट्रायपॉडचे जाड पाय आधी उघडा, मधला दांडा वर काढू नका. चिखलात एक पाय हळूहळू खचतो आणि चित्र सरकत राहतं. पायांखाली जुन्या डब्यांची झाकणं ठेवली तर हा त्रास जातो. खाडीवरून आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मिठाने सांधे धरतात. आणि उरणला जाताना ओळखपत्र सोबत ठेवा. तिथे नौदलाचा तळ आणि बंदर दोन्ही आहे, नळी रोखून उभ्या माणसाची चौकशी होणारच.

फोन जोडणं

स्कोपच्या आयपीसमागे छोटा डिजिटल कॅमेरा धरून फोटो काढण्याची पद्धत १९९९ च्या सुमाराला मलेशियातले लॉरेन्स पो यांच्यासारख्या पक्षिनिरीक्षकांनी रुजवली. आज कॅमेऱ्याची जागा फोनने घेतली आहे. गणित तेच आहे: स्कोपची पट गुणिले कॅमेऱ्याची फोकल लांबी. फोनची मुख्य लेन्स २४ मिमीच्या तोडीची असेल आणि स्कोप ३० पटीवर असेल, तर ७२० मिमी.

उजेडाचा हिशेबही करून बघा. फोनच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लांबी ६ मिमी धरली, तर ८० मिमीच्या स्कोपमधून ३० पटीला येणारा २.७ मिमीचा झोत म्हणजे एफ/२.२ (हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). हे उत्तम आहे. तोच स्कोप ६० पटीवर नेला तर एफ/४.५, म्हणजे उजेड चौपट कमी. फोन मग आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवतो आणि पिसांचे तपशील पुसले जातात. फोटो २५-३५ पटीतच काढा, हवं तर नंतर कापा.

अडॅप्टर दोन प्रकारचे. एक आयपीस आणि फोन या दोन्हींच्या नेमक्या मापाचा, फोनस्कोप या ब्रँडच्या अडॅप्टरसारखा. तो एकदा बसला की रोज जुळवावं लागत नाही, पण फोन बदलला की खोळही बदलावी लागते. दुसरा कुठल्याही फोनला लागणारा चिमट्याचा. तो स्वस्त, पण प्रत्येक वेळी मध्य शोधावा लागतो आणि जड फोनने खाली झुकतो. घेण्याआधी आयपीसचा बाहेरचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजा. अर्ध्या मिमीची चूकही जाणवते.

जोडण्याचा क्रम असा. घरातच, एखादी पांढरी भिंत समोर ठेवून, चिमटा फोनवर बसवा आणि पडद्यावरचं उजेडाचं वर्तुळ मधोमध आणा. एका बाजूला चंद्रकोरीसारखा काळोख दिसला तर फोन त्या दिशेने सरकलेला आहे. सगळीकडून सारखा काळा घेर असेल तर अंतर चुकतंय, तेव्हा आयपीसची रबरी कडी एक-एक टप्पा वर-खाली करून बघा. थोडा घेर उरला तर फोनचा झूम २ पटीवर न्या. ४८ किंवा ५० मेगापिक्सेलच्या फोनमध्ये हा २ पट झूम सेन्सरच्या मधल्या भागातून येतो, दर्जा फारसा ढळत नाही.

मैदानात आधी फोनशिवाय पक्षी मधोमध आणा, फोकस करा, हेडचा ताण आवळा, मगच फोन लावा. लावल्यावर फोकस पुन्हा किंचित फिरवावा लागतो, कारण तुमच्या डोळ्याचा नंबर फोनला नसतो. पक्ष्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा. पांढरा बगळा किंवा रोहित असेल तर उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, नाहीतर पिसं नुसती पांढरी येतात. बटण दाबायला ब्लूटूथ रिमोट किंवा दोन सेकंदांचा टायमर वापरा. शटर १/२५० पेक्षा सावकाश नको, वारा असेल तर १/५०० च्या वर. एकामागोमाग दहा-पंधरा फोटो काढा, त्यांतला एखादाच धारदार निघतो. फ्लॅग वाचायचा असेल तर फोरके व्हिडिओ घ्या. त्यातली प्रत्येक चौकट आठ मेगापिक्सेलची असते आणि पक्षी वळताना अक्षरं कधीतरी सरळ समोर येतातच.

हटकून होणारा बिघाड म्हणजे चित्र अचानक उडी मारतं किंवा काळं होतं. फोन आपण होऊन दुसऱ्या लेन्सवर जातो, कारण समोर काहीतरी अगदी जवळ आहे असं त्याला वाटतं. सेटिंगमध्ये मॅक्रो बंद करा. तरीही होत असेल तर लेन्स हाताने निवडता येणारं कॅमेरा ॲप वापरा. पडद्यावर फोकस बरोबर दिसूनही सगळे फोटो मऊ येत असतील, तर आधी फोनच्या लेन्सवरचा बोटाचा डाग पुसा. निम्म्या वेळा तेच कारण असतं. उरलेल्या निम्म्या वेळा हवा तापलेली असते.

मिररलेस कॅमेरा जोडायचा असेल तर एटीएक्ससाठी स्वारोव्स्कीचा टीएलएस अपो हा अडॅप्टर मिळतो, एपीएस-सी सेन्सरला ३० मिमीचा आणि फुलफ्रेमला ४३ मिमीचा. मागे वजन वाढल्याने स्कोप मागे कलतो, म्हणून खाली लांब प्लेट लावून तोल पुढे आणावा लागतो.

सूर्याकडे स्कोप रोखू नका, सूर्यास्तालाही नाही. ८५ मिमीच्या काचेने गोळा केलेलं ऊन डोळा कायमचा जाळतं आणि फोनचा सेन्सरही.

पावसाळा आणि जुना स्कोप

चांगल्या स्कोपमध्ये नायट्रोजन भरलेला असतो, पण बुरशी बाहेरच्या काचेवरही धरते. जून ते सप्टेंबर स्कोप कापडी खोळीत बंद ठेवू नका. हवाबंद डबा, ताजं सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. सिलिका जेलचा रंग बदलला की ते कढईत मंद आचेवर परतून पुन्हा कोरडं करता येतं. काच पुसताना आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि शेवटी लेन्सचं द्रावण लावलेलं मायक्रोफायबर. वाळू असलेल्या काचेवर शर्टाचं टोक फिरवलं की लेप खरवडला जातो.

जुना स्कोप घेताना अंधाऱ्या खोलीत पुढच्या काचेतून तिरपा टॉर्च मारा आणि मागून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर आत बुरशी आहे, ती साफ करायला खर्च बराच येतो. झूमची कडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच ताणाने फिरते का आणि खालचा पाय डगमगतो का, ते बघा. स्कोप रात्रभर एसीच्या खोलीत ठेवून सकाळी बाहेर काढा. धुकं बाहेरच्या काचेवर येणारच, ते पुसल्यावर जाईल. पुसूनही गेलं नाही तर ते आत आहे, म्हणजे सील गेलेलं आहे.